कणखरपणा कोठून येतो?

टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, ही म्हण मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या ऐकूं येत आली आहे. मुलगा परीक्षेला भिऊं लागला, सून कामानें थकली, कारकून वरिष्ठांच्या जाचानें खचला, कीं वडीलधारीं माणसें ही म्हण पुढें करतात. तिचा आशय असा कीं, कष्टांनीं माणूस घडतो. जो मोडतो तो मुळांतच भुसभुशीत दगड असला पाहिजे. या समजुतीचे परिणाम लहानसहान नाहींत. ती खरी असेल तर मुलांना मुद्दाम खडतर वागणूक देणें हें पालकांचें कर्तव्य ठरतें, आणि अंथरूण धरलेल्या माणसाला दुखण्याबरोबरच मनाच्या दुबळेपणाचा ठपकाही सोसावा लागतो. ती खोटी असेल तर मुलांना प्रत्येक उन्हावाऱ्यापासून जपलें पाहिजे. गेल्या शंभरांहून अधिक वर्षांत शरीरशास्त्रज्ञांनीं व मानसशास्त्रज्ञांनीं या प्रश्नाचा कसून शोध घेतला आहे. त्यांना मिळालेलें उत्तर या दोन्ही टोकांपासून दूर आहे. शिवाय तेथवर पोंचतांना शास्त्राला स्वतःचे कित्येक निष्कर्ष मागें घ्यावे लागले आहेत.

संकट समोर उभें राहिलें असतां शरीरांत काय घडतें, याचा पद्धतशीर उलगडा अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनीं केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्ष-किरणांच्या साहाय्यानें मांजरांच्या जठराची हालचाल पाहत असतांना त्यांच्या लक्षांत आलें कीं, मांजर भ्यालें किंवा चिडलें कीं ही हालचाल तत्काळ थांबते. हा धागा धरून त्यांनीं पुढें १९१५ सालीं वेदना, भूक, भय व क्रोध यांमुळें शरीरांत होणाऱ्या फेरफारांवर एक ग्रंथ लिहिला. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन नांवाचा रस रक्तांत सोडतात. हृदय जलद चालूं लागतें, यकृतांतील साखर रक्तांत उतरते, पचनाचें काम स्थगित होतें आणि रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळतो. घरास आग लागली म्हणजे स्वयंपाक तसाच टाकून सर्व माणसें पाणी आणावयास धांवतात, त्यांतलाच हा प्रकार. लढणें किंवा पळणें यांपैकीं कांहीं तरी एक करण्याची ही तयारी होय. तिच्यांत रोगट असें कांहींच नाहीं. उलट धोक्यांतून जीव वांचविण्याची ती निसर्गानें केलेली सोय आहे.

हीच सोय घातक केव्हां होते, हें हान्स सेल्ये यांच्या संशोधनानें दाखविलें. १९०७ सालीं व्हिएन्ना येथें जन्मलेले सेल्ये कॅनडांतील माँट्रियल शहरीं मॅकगिल विद्यापीठांत काम करीत होते. बीजांडकोशाचा अर्क उंदरांना टोंचून एखादा नवा अंतःस्राव सांपडतो काय, याचा ते शोध घेत होते. टोंचलेल्या उंदरांत त्यांना तीन फेरफार आढळले: अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, छातींतील थायमस ग्रंथि आक्रसली आणि जठरांत व्रण पडले. नवा रस हातीं लागला या आनंदांत ते असतांनाच असें दिसून आलें कीं, दुसरा कोणताही अर्क, इतकेंच काय पण फॉर्मॅलिनसारखें दाहक द्रव्य टोंचलें तरी तेच तीन फेरफार होतात. या निराशेंतूनच त्यांना वेगळा प्रश्न सुचला. थंडी, जखम, विष, अतिश्रम हीं संकटें कितीही भिन्न असलीं तरी शरीर त्यांना कांहीं अंशीं एकाच ठराविक रीतीनें तोंड देत असेल काय? १९३६ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत एका छोट्याशा पत्राच्या रूपानें त्यांनीं आपलें उत्तर मांडलें. पहिली पायरी धोक्याच्या इशाऱ्याची, दुसरी प्रतिकाराची; आणि संकट हटलेंच नाहीं तर तिसरी पायरी शक्ति सरून कोसळण्याची. पदार्थविज्ञानांतून घेतलेला ‘स्ट्रेस’ हा शब्द पुढें त्यांनींच या अवस्थेला रूढ केला. मराठींत त्याला ताण म्हणतात.

सेल्ये यांच्या उपपत्तींत मात्र एक मोठी पोकळी होती. एकाच कचेरींत, एकाच साहेबाच्या हाताखालीं काम करणाऱ्या दोघांपैकीं एकाला पोटांत व्रण होतो आणि दुसरा धडधाकट राहतो, तो कां? उंदरांवरून काढलेल्या तीन पायऱ्यांत स्वभावाला जागाच नव्हती.

ही पोकळी भरून काढण्याचा एक गाजलेला प्रयत्न सॅन फ्रॅन्सिस्को येथील मेयर फ्रीडमन व रे रोझेनमन या दोघा हृदयरोगतज्ज्ञांनीं केला. त्यांच्या दवाखान्यांतील खुर्च्या समोरच्या कडेलाच तेवढ्या झिजल्या आहेत, ही गोष्ट खुर्च्यांची डागडुजी करणाऱ्या कारागिरानें दाखवून दिली, अशी हकीकत फ्रीडमन पुढें सांगत असत. हृदयाचे रोगी पाठ टेकून निवांत बसतच नव्हते. १९५९ सालीं या दोघांनीं असें प्रतिपादन केलें कीं, सदा घाईंत असणाऱ्या, चढाओढ करणाऱ्या व चटकन् रागावणाऱ्या माणसांना हृदयविकार अधिक होतो. या स्वभावाला त्यांनीं ‘ए’ प्रकार असें नांव दिलें. १९६० च्या सुमारास सुरू झालेल्या पाहणींत ३९ ते ५९ वर्षें वयाच्या ३,१५४ पुरुषांवर साडेआठ वर्षें नजर ठेवण्यांत आली, तेव्हां ‘ए’ प्रकारच्या लोकांत हृदयविकाराचें प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळलें. या कल्पनेचा जगभर बोलबाला झाला. परंतु याच मंडळींच्या पुढील आयुष्याचा हिशेब १९८८ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत हृदयविकार जडल्यानंतर ‘ए’ प्रकारच्या रोग्यांमध्यें मृत्यूचें प्रमाण इतरांपेक्षां कमीच भरलें. पुढें असेंही उघडकीस आलें कीं, या विषयावरील कित्येक संशोधनांना तंबाखूच्या व्यापाऱ्यांनीं पैसा पुरविला होता. हृदयविकाराचें खापर सिगारेटीऐवजीं स्वभावावर फुटणें त्यांच्या सोयीचेंच होतें. आज या उपपत्तीपैकीं टिकून आहे तें एवढेंच कीं, मनांत सदा धुमसणारा वैरभाव हृदयाला कांहीं प्रमाणांत अपाय करीत असावा. नुसत्या घाईवरचा आरोप शाबीत झाला नाहीं.

शिकागो विद्यापीठांतील सुझान कोबासा यांनीं प्रश्न उलट बाजूनें विचारला. आजारी कोण पडतो याऐवजीं, ताण असूनही आजारी कोण पडत नाहीं, हें त्यांनीं शोधलें. आयुष्यांतील उलथापालथ मोजण्याचें एक कोष्टक होम्स व राहे यांनीं १९६७ सालीं तयार केलें होतें. त्यांत ४३ प्रसंगांना गुण दिलेले होते. जोडीदाराच्या मृत्यूला १००, तर लग्नासारख्या मंगल प्रसंगालाही ५०. या धर्तीवर कोबासा यांनीं एका मोठ्या कंपनींतील अधिकाऱ्यांचीं माहितीपत्रकें तपासलीं आणि भारी ताण सोसलेल्यांचे दोन गट पाडले: आजारी पडलेले आणि न पडलेले. १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें निरोगी राहिलेल्यांत तीन वृत्ति अधिक दिसल्या. ते आपल्या कामांत व माणसांत मनापासून गुंतलेले होते. आपल्या हातून कांहीं तरी होऊं शकतें असा त्यांना विश्वास होता. आणि बदल म्हणजे अरिष्ट असें न मानतां ते त्याला आव्हान समजत. या तिहींच्या मिश्रणाला मराठींत चिवटपणा म्हणतां येईल. कोबासा यांचे सहकारी साल्व्हातोर मॅडी यांनीं इलिनॉय राज्यांतील टेलिफोन कंपनीच्या अधिकाऱ्यांवर बरींच वर्षें लक्ष ठेवलें. १९८४ च्या सुमारास अमेरिकेंतील टेलिफोन व्यवसायाची मोडतोड होऊन या लोकांच्या पायांखालची वाळू सरकली. मॅडी यांच्या सांगण्याप्रमाणें सुमारें दोनतृतीयांश लोक ढासळले, एकतृतीयांश मात्र टिकले आणि कांहींचें तर चांगलेंच फावलें.

या सिद्धांतावरही आक्षेप आले. १९८७ च्या एका चिकित्सेंत असें दाखविण्यांत आलें कीं, तीन वृत्तींपैकीं आव्हानाची वृत्ति फारशी उपयोगी पडत नाहीं. कामांतली गुंतवणूक व हातांतली सत्ता या दोन गोष्टींनींच काय तो फरक पडतो. यांतील सत्तेचा भाग विशेष विचार करण्याजोगा आहे. माणसाला आपल्या हातीं सत्ता आहे असें वाटणें हा स्वभावाचा गुण कीं परिस्थितीचा? अधिकाऱ्याला तसें वाटतें याचें कारण कदाचित् तो खरोखरच अधिकारी असतो, हें असेल.

या प्रश्नाचा निवाडा प्रथम माकडांवर व नंतर उंदरांवर झाला, आणि त्याची कथा मोठी बोधप्रद आहे. १९५८ सालीं अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेंतील जोसेफ ब्रेडी यांनीं माकडांच्या जोड्या खुर्च्यांत बसविल्या. ठराविक वेळानें विजेचा झटका बसे. जोडींतील एका माकडानें समोरची कळ वेळेवर दाबली तर झटका टळे आणि तो दोघांचाही टळे. दुसऱ्या माकडाच्या हातीं कांहींच नव्हतें. पहिलें चुकलें कीं त्यालाही तितकाच झटका बसे. कळ दाबणाऱ्या ‘अधिकारी’ माकडांना व्रण होऊन तीं मेलीं, त्यांचे जोडीदार मात्र ठणठणीत राहिले. जबाबदारीनेंच माणूस मरतो, असा निष्कर्ष वर्तमानपत्रांनीं आनंदानें उचलला आणि मोठे पगार घेणाऱ्या साहेबांनाही तो आवडला.

परंतु प्रयोगांत एक खोट होती. जीं माकडें मुळांतच घाईघाईनें कळ दाबीत होतीं, त्यांनाच निवडून अधिकारी केलें होतें. निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. रॉकफेलर विद्यापीठाच्या जे वाइस यांनीं १९६८ नंतरच्या कांहीं वर्षांत हा प्रयोग उंदरांवर निर्दोष रीतीनें पुन्हां केला. कोणता उंदीर कोठें बसेल हें केवळ योगायोगावर सोंपविलें. निकाल नेमका उलटा लागला. झटके दोघांना सारखेच बसले, पण ज्याच्या हातीं तो टाळण्याचा उपाय होता त्याच्या जठरांत व्रण कमी, आणि ज्याच्या हातीं कांहींच नव्हतें त्याच्या जठरांत अधिक. झटक्यापूर्वीं इशाऱ्याचा आवाज ऐकविला तर व्रण आणखी कमी होत. केव्हां बसेल हें कळेनासें झालें कीं ते वाढत. म्हणजे दुःखाइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, असहायता शरीराला पोखरते.

माणसांत याचें प्रत्यंतर लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत आलें. १९६७ सालीं ‘व्हाइटहॉल’ नांवाची पाहणी सुरू झाली व तींत १७ हजारांहून अधिक पुरुष नोकरांची तपासणी झाली. मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या हिशेबाप्रमाणें हृदयविकारानें येणाऱ्या मृत्यूचें प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपेक्षां सर्वांत खालच्या श्रेणीच्या नोकरांत सुमारें तिप्पट होतें, आणि मधल्या पायऱ्यांवर तें क्रमाक्रमानें वाढत गेलेलें होतें. धूम्रपान, रक्तदाब वगैरे गोष्टी हिशेबांत धरल्या तरी हा फरक पुरता पुसला जाईना. १९८५ पासून दहा हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांवर झालेल्या दुसऱ्या पाहणींत असें आढळलें कीं, ज्यांना आपलें काम कसें व केव्हां करावें हें ठरविण्याची मुभा कमी, त्यांना हृदयविकार अधिक. साहेबाच्या टेबलावरील कागदांचा ढीग मोठा असेल. पण तो कोणत्या क्रमानें उपसावयाचा हें साहेब ठरवितो. शिपायाला घंटा वाजली कीं उठावेंच लागतें.

मग घाव सोसण्यानें कणखरपणा येतो, यांत कांहींच तथ्य नाहीं काय? तथ्य आहे, परंतु अटींसह. नेब्रास्का विद्यापीठांतील रिचर्ड डीन्स्टबीर यांनीं १९८९ सालीं विखुरलेले पुष्कळ प्रयोग एकत्र करून शरीराच्या कणखरपणाचें एक सुसंगत चित्र मांडलें. कणखर शरीर संकटांत थंड राहतें ही समजूत चुकीची आहे. तें विश्रांतीच्या वेळीं शांत असतें, प्रसंग आला कीं ॲड्रेनॅलिनच्या बळावर झपाट्यानें पेटतें, आणि प्रसंग सरला कीं तितक्याच झपाट्यानें विझतें. कॉर्टिसोल हा अधिवृक्क ग्रंथींचा दुसरा रस रेंगाळणारा आहे; तो दीर्घकाळ चढलेला राहिला तर रोगप्रतिकाराची शक्ति मंदावते. कणखर शरीरांत त्याची उसळी आटोक्यांत राहते. नॉर्वेच्या लष्करांतील छत्रीधारी उमेदवारांवर हॉल्गर उर्सिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेलें संशोधन १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. शिक्षणाच्या मनोऱ्यावरून पहिली उडी घेतांना या तरुणांच्या रक्तांतील कॉर्टिसोल एकदम चढलें. परंतु आपल्याला हें जमतें असा अनुभव येतांच पुढच्या उड्यांच्या वेळीं तें झपाट्यानें खालीं आलें. मनोरा तोच, उंची तीच. बदलला होता तो आपल्या बळावरचा भरंवसा.

अशा कणखरपणाचे दोन आधार डीन्स्टबीर यांनीं दाखविले. ताण मधून मधून यावा, आणि दोन ताणांमध्यें शरीराला सांवरण्यास पुरेसा अवधि मिळावा. तालमींत घुमणाऱ्या पहिलवानाला हें निराळें सांगावें लागत नाहीं. जोर-बैठकांनीं स्नायु थकतो. तो वाढतो मागाहून, खुराक आणि झोप मिळाल्यावर. ज्याला दिवसरात्र जोर काढावयास लावलें तो पहिलवान होत नाहीं, तो अंथरूण धरतो. नियमित व्यायामानें केवळ शरीरच नव्हे तर मनही ताण सोसण्यास लायक होतें, यालाही या संशोधनाचा दुजोरा आहे.

लहानपणींच्या खडतरपणाविषयीं सीमोर लेव्हिन यांचे प्रयोग तर अगदीं अनपेक्षित वळणानें गेले. १९५० नंतरच्या दशकांत त्यांनीं उंदरांच्या तान्ह्या पिल्लांचे तीन गट केले. एका गटाला रोज थोडा वेळ बाहेर काढून विजेचे सौम्य झटके दिले. दुसऱ्याला नुसतेंच बाहेर काढून परत ठेवलें. तिसऱ्याला घरट्यांतून हलविलेंच नाहीं. झटके बसलेलीं पिल्लें मोठेपणीं भित्रीं होतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत तीं आणि नुसतीं हाताळलेलीं पिल्लें सारखींच धीट निघालीं. भित्रीं निघालीं तीं कधींच न हलविलेलीं. यावरून, लहानपणीं थोडा त्रास दिला कीं प्राणी कणखर होतो, असा निष्कर्ष कोणीही काढला असता.

परंतु खरें कारण पुढें कित्येक वर्षांनीं मॅकगिल विद्यापीठांतच मायकेल मीनी व त्यांच्या सहकाऱ्यांना सांपडलें. पिल्लूं परत ठेवलें कीं त्याची आई त्याला अधिक वेळ चाटते, कुरवाळते. १९९७ सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, ज्या आया स्वभावतःच पिल्लांना अधिक चाटतात त्यांचीं पिल्लें कोणी न हाताळतांही मोठेपणीं ताण सोसण्यास अधिक समर्थ होतात. इतकेंच नव्हे, तर उदासीन आईचें पिल्लूं मायाळू आईच्या कुशींत वाढविलें तर तेंही धीट होतें. ज्या बळाचें श्रेय चाळीस वर्षें त्रासाला मिळत होतें, त्याचा पुष्कळसा वांटा त्रासानंतर मिळालेल्या मायेचा होता.

उंदरावरून माणसाचा निवाडा करणें धोक्याचें खरें. परंतु माणसांचाही पुरावा याच दिशेनें बोट दाखवितो. हवाई बेटांपैकीं कवाई या बेटावर १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर व रूथ स्मिथ यांनीं त्यांच्या चाळिशीपर्यंत घेतला. त्यांपैकीं सुमारें २०० मुलें दारिद्र्य, घरांतील कलह, आईबापांचें व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक संकटांत एकदमच सांपडलेलीं होतीं. त्यांतील बहुतेकांना पुढें अडचणी आल्या; तथापि सुमारें एकतृतीयांश मुलें कर्तबगार व मायाळू माणसें झालीं. त्यांच्यांत कांहीं गुण उपजत होते, हें खरेंच. परंतु त्यांच्यांतील आणखी एक समान गोष्ट म्हणजे, आई, आजी, मोठी बहीण, शिक्षक, शेजारी असें कोणी तरी एक माणूस त्यांच्यामागें खंबीर उभें होतें. घरांतील कांहीं कामाची जबाबदारी पुष्कळांवर होती, आणि ती पेलल्याचा त्यांना अभिमान होता.

आतां म्हणीकडे पुन्हां पाहिलें तर तिच्यांत काय गाळलें गेलें आहे हें ध्यानांत येतें. मूर्ति घडते ती नुसत्या घावांनीं नव्हे. घाव किती द्यावयाचा आणि कोठें थांबावयाचें हें जाणणारा पाथरवट तेथें असतो. परिस्थिति असा पाथरवट क्वचितच असते. शिवाय जो सोसतो तो गप्प आहे म्हणून त्याच्या शरीरानें ताण पचविला, असें समजणें चूक आहे. अमेरिकेंत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनीं १९९५ सालीं बुद्धिभ्रंश झालेल्या आप्तांची वर्षानुवर्षें शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर एक बारीकशी जखम करून ती भरून येण्यास किती दिवस लागतात तें मोजलें. तशाच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षां त्यांना सुमारें ९ दिवस अधिक लागले. या बायका कोणत्याही अर्थानें दुबळ्या नव्हत्या. त्यांना फक्त सुटी नव्हती.

हा शेवटचा निष्कर्ष प्रयोगशाळेपेक्षां घरालाच अधिक लागू आहे. आजारी सासूची रात्रंदिवस सेवा करणारी सून, दोन नोकऱ्या करून भावंडांचें शिक्षण पुरें करणारा थोरला मुलगा, यांच्या सोशिकपणाचें कौतुक घरोघर होतें. कौतुक करणें सोपें असतें आणि त्याला खर्चही येत नाहीं. त्यांना खरी गरज असते ती आठवड्यांतील एका मोकळ्या दुपारची, कामाची वांटणी ठरवितांना त्यांचें मत विचारलें जाण्याची आणि झोपेची. मुलाला कणखर करावयाचें असेल तर त्याला पेलेल असें काम द्यावें, तें त्याच्या पद्धतीनें करूं द्यावें, तो चुकला तर चुकूं द्यावें, आणि थकून आला म्हणजे जवळ घ्यावें. कोणी खचलेलें दिसलें तर त्याच्या स्वभावाची परीक्षा घेण्यापूर्वीं, त्याच्या हातीं काय आहे आणि त्याला विसांवा केव्हां मिळाला होता, हे दोन प्रश्न विचारावे. पुष्कळदां त्यांच्या उत्तरांतच दुखण्याचें मूळ सांपडतें.